वाचलेल्या पुस्तकांची वही: शेऱ्याच्या रकान्यात नेमकं लिहायचं काय?

अर्धपान
नमस्कार मंडळी, बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, पहिलाच धागा काढतोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

२०१३ पासून मी वाचलेल्या पुस्तकांची नोंद एका लाँगबुकात ठेवतोय. दोनशे पानी, खाकी कव्हर, पट्टीने मारलेले पाच रकाने: अनुक्रमांक, पुस्तक, लेखक, संपल्याची तारीख, शेरा. मागच्या रविवारी बायकोला प्रवासात वाचायला काहीतरी हवं होतं म्हणून वहीच तिच्या हातात दिली, म्हटलं यातलं बघून घे. अर्ध्या तासाने वही परत आली. "अहो, यात 'छान' एकशे बारा वेळा आहे, 'बरं आहे' त्र्याऐंशी वेळा आणि एका ठिकाणी नुसती दोन उद्गारचिन्हं आहेत. यातलं मी घेऊ काय?" (ती बँकेत आहे. मोजल्याशिवाय राहवत नाही.)

खरा त्रास त्या उद्गारचिन्हांचा झालाय. पुस्तकाचं नाव आहे, लेखक आहे, तारीख आहे, ९ ऑगस्ट २०१६. रहस्यकथा आहे एवढं नावावरून कळतं. पण मी कशाने एवढा उडालो होतो ते काही केल्या आठवेना.

तर प्रश्न असा, तुम्ही नोंद ठेवता का आणि ठेवत असाल तर शेऱ्यात काय लिहिता? परीक्षण नकोय, तेवढा दम नाही. दोन ओळी, पण अशा की दहा वर्षांनी वाचल्या तरी पुस्तक समोर यावं. आणि कृपया "अ‍ॅप वापरा" एवढंच सांगून पळू नका.

सुपारी_कात्री
रुमाल टाकून ठेवतेय. संध्याकाळी सविस्तर लिहिते.

झिपऱ्या
अ‍ॅप वापरा.
(पळतो)

वऱ्हाडी_ठेचा
एकशे बारा वेळा छान!! वहिनींना दंडवत बाप्पा.

मंजिरी_ठाणे
आमच्या आईची पद्धत सांगते. तिने वही कधीच केली नाही, तिची सगळी दप्तरं स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर. कालनिर्णय निघतं १९७३ पासून, आमच्याकडे जपलेलं सगळ्यात जुनं १९८१चं आहे, मागच्या बाजूचे लेख आणि पाककृती पुन्हा लागतील म्हणून ती जुनी कॅलेंडरं सुतळीने बांधून ठेवायची. त्या चौकोनात दूध किती, बाई आली का, सिलिंडर कधी लावला आणि त्यातच वाचनालयाच्या पुस्तकाचा नंबर. मार्च ८७ मधला एक चौकोन मी फोटो काढून ठेवलाय, तस्सा उतरवते:

"गॅस आला. नळ दुरुस्त. ४४१२ संपलं. नवरा शेवटी सुधारतो, खरं वाटत नाही."

दुसरा एक: "६०९३. नायिका फार रडते. मूगडाळ भिजत घातली."

तिला विचारलं होतं की अगं नावं का नाही लिहिलीस, तर म्हणाली नाव पुस्तकावर असतंच की. आता ते वाचनालय बंद होऊनही वीसेक वर्षं झाली, नंबरांचं रजिस्टर कुठे गेलं कोणाला ठाऊक. म्हणजे अर्धपान, तुमच्याकडे नावं आहेत शेरे नाहीत, आमच्याकडे शेरे आहेत नावं नाहीत.

वऱ्हाडी_ठेचा
"खरं वाटत नाही" म्हणजे खतरनाक परीक्षण आहे. काकूंना सांगा इथं आयडी काढा म्हणून.

मंजिरी_ठाणे
आई जाऊन सहा वर्षं झाली हो. पण तिला आवडलं असतं हे.

निवांत_पाटील
विरोधी मत मांडतो, हलके घ्या.

काय राव, वाचायचं आणि सोडायचं. जेवल्यावर भाकरी किती खाल्ल्या ते लिहून ठेवता का? मी पण ठेवायचो नोंद, २०१९ मध्ये वर्षाला पन्नासचं टार्गेट घेतलं होतं. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सत्तेचाळीस झालेली. मग काय, पुतण्याच्या कपाटातली तीन बालनाट्यं उचलली. शेवटचं ३१ तारखेला रात्री साडेदहाला सांगली स्टँडवर शेवटच्या गाडीची वाट बघत वाचलं, त्यात ससा आणि वाघ होता, बाजूला एक म्हातारं बसलेलं ते म्हणालं "पोराला वाचून दाखवायची तयारी काय?" तिथं लाज वाटली. आकडा पन्नास झाला आणि वही बंद झाली ती आजतागायत. जाडजूड पुस्तक हातात घ्यायची भीती वाटायला लागली होती, महिना जाईल आणि आकडा एकनंच वाढेल म्हणून. हे असलं काय वाचन म्हणायचं?

झिपऱ्या
ससा जिंकला का पण

निवांत_पाटील
ते नोंदीत लिहिलं नाही भावा

लाल_शाई
पाटील, भाकरी किती खाल्ल्या ते नाहीच लिहायचं. ठेचा कसा झाला होता ते लिहायचं. आकड्याचा नाद लागतो हे मात्र तुमचं खरं आहे, म्हणून माझ्या वहीत अनुक्रमांकच नाही.

अर्धपान, तुम्ही 'शेरा' शब्द वापरलात म्हणून सांगते. मी एकतीस वर्षं शिक्षिका होते. प्रगतिपुस्तकात शेऱ्याच्या जागी "प्रगती समाधानकारक" किती हजार वेळा लिहिलं असेन देव जाणे, आणि त्यातलं एकही पोर त्या शेऱ्यावरून आज आठवत नाही. एकदा मात्र चुकून खरं लिहिलं, "डबा वाटून टाकतो, स्वतः उपाशी बसतो." हेडमास्तर चिडले, म्हणाले बाई हा काय शेरा झाला, पालक काय म्हणतील. तो मुलगा मला नावगावासकट आठवतो, त्याच्या डब्याचं झाकण बसायचं नाही म्हणून त्याला रबर लावलेलं असायचं तेसुद्धा.

तेव्हापासून पुस्तकांनाही मी तसाच शेरा देते. कथानक लिहीत नाही, ते मलपृष्ठावर असतंच. चांगलं-वाईट पण लिहीत नाही शक्यतो. पुस्तक संपलं की लगेच वही उघडायची नाही, रात्र जाऊ द्यायची. सकाळी चहा घेताना त्यातलं जे पहिलं आठवेल तेवढंच लिहायचं, मग ते कितीही फुटकळ असो, आणि ते वाचत असताना घरात काय चाललं होतं तेही एका वाक्यात. एक नोंद देते. 'बनगरवाडी' दुसऱ्यांदा वाचलं तेव्हाची:

"मे महिना, नळाला दोन दिवसांआड पाणी. दुष्काळात वाडी उठून जाते त्या पानावर होते आणि नळाला सूं सूं आवाज आला, पुस्तक उपडं टाकून बादल्या लावायला धावले. परत येऊन वाचलं तेव्हा रडू आलं, पहिल्या खेपेला आलं नव्हतं."

यात लेखकाच्या शैलीबद्दल एक अक्षर नाही. पण मला पुरतं.

अजून एक पथ्य, दुसऱ्यांदा वाचलं तर जुना शेरा खोडायचा नाही. 'ययाति' मी सतराव्या वर्षी वाचलं, तेव्हा नुकतंच ज्ञानपीठ मिळालेलं, १९७४, जो तो तेच वाचत होता. वहीत आहे "शर्मिष्ठा किती थोर". पुढे सेहेचाळिसाव्या वर्षी पुन्हा घेतलं, त्याच पानावर खाली लिहिलंय "देवयानीचं काय चुकलं ते कोणी सांगेल का". आता यात पुस्तक कुठे बदललंय सांगा.

अर्धपान
बाई, _/\_
ते "रात्र जाऊ द्यायची" उद्यापासून सुरू. मी तर शेवटचं पान उलटायच्या आधी पेनाचं टोपण काढून बसतो.

चिन्मय_रकाने
मी अ‍ॅपवाला, पण पळत नाहीये. :)

गुडरीड्सवर २०११ पासून होतो (वाचलेल्या पुस्तकांच्या नोंदी ठेवायची साइट, २००७ची, २०१३ मध्ये अ‍ॅमेझॉनने घेतली). इंग्रजी पुस्तकांसाठी मस्त, मागचा बारकोड स्कॅन केला की झालं. मराठीला मात्र रडारड. जुन्या मराठी पुस्तकांवर आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) नसतोच. नंतरच्यांवर आधी दहा आकडी होता, १ जानेवारी २००७ पासून तेरा आकडी झाला, भारतातला असेल तर साधारण ९७८ मग ८१ किंवा ९३ असा सुरू होतो. माझ्या कपाटातली निम्मी पुस्तकं त्याआधीची, काही तर रद्दीवाल्याकडून आणलेली, पहिलं पान गायब. मग हाताने शोधा. एकच कादंबरी देवनागरीत एकदा, रोमनमध्ये तीन वेगवेगळ्या स्पेलिंगांनी, आणि प्रत्येकीला चार-पाच लोकांची रेटिंगं. आपण नेमकी कुठली वाचली?

म्हणून आता साधी गूगल शीट. नाव, लेखक, प्रकाशक, आवृत्तीचं वर्ष, पानं, कुठून मिळालं, सुरू, संपलं, शेरा. शेऱ्याच्या रकान्याला दोनशे अक्षरांची मर्यादा घातलीय, त्यावर गेलं की शीट बोंबलते. मर्यादा असली की 'छान' लिहायची सोय राहत नाही हा माझा अनुभव, कारण दोनशेतली चारच अक्षरं वापरली की उरलेली मोकळी जागा टोचते.

सहा-सात वर्षांपूर्वी फोनमधलं एक नोट्सचं अ‍ॅप कंपनीने गुंडाळलं तेव्हा माझ्या दीड वर्षाच्या नोंदी गेल्या, त्यामुळे काहीही वापरा पण वर्षातून एकदा डाउनलोड करून ठेवा. गुडरीड्सवरूनही सगळी यादी फाइल म्हणून उतरवता येते, बऱ्याच जणांना माहीत नसतं. किंडलवाल्यांनो, तुम्ही ज्या ओळी हायलाइट करता त्या त्या यंत्रातच 'माय क्लिपिंग्ज' नावाच्या साध्या फाइलमध्ये साठतात, वायर लावून काढून घ्या.

झिपऱ्या
'छान' चार अक्षरं? दोनच आहेत ना

चिन्मय_रकाने
छ, काना, न. कॉम्प्युटर तीन मोजतो, मी पूर्णविराम धरून चार म्हटलं. आता यावर नवीन धागा काढू नका.

तात्या_देवघेव
तालुक्याच्या गावी 'ब' वर्गाच्या वाचनालयात सव्वीस वर्षं देवघेव काउंटरवर आहे, म्हणून ही माहिती आमच्या बाजूने.

तुम्ही लोक वह्या करता, आमचे म्हातारे वाचक वही करत नाहीत, ते पुस्तकातच नोंद करतात. चोरून. पुस्तक घरी नेऊन निम्मं वाचल्यावर कळतं की हे आपण वाचलंय, हेलपाटा पडतो, म्हणून प्रत्येकाने आपापली खूण ठरवलेली असते. एक रिटायर्ड पोस्टमास्तर पान २७ वरच्या आकड्याखाली पेन्सिलने टिंब द्यायचे. एक आजी पान ५१ च्या कोपऱ्यात बारीक चांदणी काढतात. एकाची खूण म्हणजे पान १०० वरच्या दोन शून्यांपैकी पहिलं भरून टाकायचं. काउंटरवर पुस्तक आलं की हे लोक नाव बघत नाहीत, थेट आपलं पान उघडतात आणि "हे झालंय" म्हणून परत सरकवतात. नवीन पोरगी कामाला लागली तेव्हा तिने नियमाप्रमाणे खोडरबर घेऊन सगळ्या खुणा पुसायला सुरुवात केली, चार दिवसांत नऊ तक्रारी आल्या. मी तिला सांगितलं बाई राहू दे.

काही जाड कादंबऱ्यांत चार-पाच जणांच्या खुणा एकत्र आहेत. त्यातल्या दोघातिघांच्या वर्गण्या आता कायमच्या बंद झाल्या. खूण आहे.

मंजिरी_ठाणे
तात्या, शेवटची ओळ वाचून काटा आला.

निवांत_पाटील
हे आवडलं. तात्या, ही नोंद मान्य आहे मला, हिला टार्गेट नाही.

केतकी_न्यूजर्सी
इथे उलटं आहे तात्या. आमच्या काउंटीच्या लायब्ररीत पुस्तक परत केलं की आपल्या नावावरची नोंद पुसून टाकतात, कोण काय वाचतं हे कोणी मागितलं तरी देता येऊ नये म्हणून. हिस्टरी हवी असेल तर आपण स्वतः सेटिंगमध्ये जाऊन चालू करायची. मी पहिली चार वर्षं ते केलंच नव्हतं, ती चार वर्षं कोरी आहेत.

आणि सार्वजनिक नोंदीचा तोटा ऐका. अ‍ॅपवर मी इमानदारीत तारे द्यायचे. नवऱ्याच्या काकांनी स्वतः छापलेला कवितासंग्रह सप्रेम भेट दिला, मी वाचला, दोन तारे दिले आणि विसरले. त्या संग्रहाला जगात एकूण एकच रेटिंग होतं. माझं. म्हणजे सरासरी २.०. काकांच्या नातीने त्यांना ते पुण्यात फोनवर काढून दाखवलं. पुढच्या गणपतीत काकांनी मला प्रसाद देताना विचारलं, "हा किती तारे?"

तेव्हापासून वही. कुलपात.

सुपारी_कात्री
केतकी, हसून हसून पुरेवाट!!

आले एकदाची. माझं म्हणणं, तारे म्हणजे आकड्यात लिहिलेलं 'छान'च. शिवाय गुडरीड्सवर अर्धा तारा देता येत नाही, साडेतीनवालं पुस्तक बिचारं कधी तीन कधी चार. स्टोरीग्राफ या तशाच अ‍ॅपवर पाव तारासुद्धा देता येतो म्हणून तिकडे गेले तर तिथे पावणेचार की चार यात दहा मिनिटं जायला लागली. पुस्तकाचं वाटतंय काय हे राहिलं बाजूला, मी भाजीवालीशी घासाघीस करतेय असं वाटायचं.

लाल_शाई बाईंच्या पद्धतीत एक भर. माझ्या वहीत सहावा रकाना आहे, "कोणी नेलं". पुस्तक विसरलं जात नाही त्याने, रोज शिव्या घालायला आठवतंच. २००९ मध्ये नेलेलं एक पुस्तक मला मागच्या वर्षी त्याच मैत्रिणीच्या घरी शोकेसमध्ये दिसलं, आत माझं नाव, त्यावर तिच्या मुलाचं नाव. काय करणार, चहा पिऊन आले.

अवांतर: दिवाळी अंकांची नोंद कशी करता? पुस्तक धरायचं का?

चिन्मय_रकाने
नाही. नियतकालिक आहे.

लाल_शाई
का नाही? दोन-अडीचशे पानं असतात, त्यात एक कादंबरी असते, पाच-सहा कथा. १९०९ ला का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी माणूस वर्षाचं निम्मं वाचन दिवाळीत उरकतो. ते नोंदीतून वगळायचं म्हणजे फराळ वगळून दिवाळी सांगायची.

चिन्मय_रकाने
बाई, पण तो अख्खा कोण वाचतं? मी अंकातल्या दोन कथा, व्यंगचित्रं आणि राशिभविष्य वाचतो. मग "संपल्याची तारीख" काय लिहू?

वऱ्हाडी_ठेचा
राशिभविष्य संपल्याची तारीख पुढची दिवाळी

तात्या_देवघेव
आमच्याकडे दिवाळी अंकांची वेगळी वर्गणी आणि वेगळं रजिस्टर. नोव्हेंबरात एकेका अंकाला बारा-पंधरा जणांची रांग, होळीपर्यंत कव्हर हातात येतं. माझं मत: अंकाची नोंद करू नका, अंकातल्या ज्या लेखावर घरात भांडण झालं त्याची करा.

सुपारी_कात्री
हे पटलं. आणि अर्धवट सोडलेल्या पुस्तकांचं?

लाल_शाई
ती तर पहिली लिहावीत. कुठल्या पानावर सोडलं आणि का. माझ्या वहीत एका आत्मचरित्रापुढे आहे, "पान ८८. अजून स्वतःचं बारसंच चाललंय."

निवांत_पाटील
=)) =))

चिन्मय_रकाने
यावरून आठवलं, चार्ल्स डार्विन १८३८ पासून १८६० पर्यंत अशा वह्या ठेवायचा. वाचायची पुस्तकं आणि वाचलेली पुस्तकं अशा वेगळ्या याद्या, आणि काहींपुढे नुसतं चाळलं अशा अर्थाचा शेरा. म्हणजे तोही सगळी पूर्ण करत नव्हता. आणि सायमन अँड गारफंकेल या अमेरिकन गायकजोडीतला आर्ट गारफंकेल, त्याने १९६८ पासून वाचलेल्या प्रत्येक पुस्तकाची यादी ठेवलीय, हजाराच्या वर गेली आहे, त्याच्या साइटवर आहे. तारीख, लेखक, नाव, प्रकाशनाचं वर्ष, पानं, बास. शेरा नाही.

निवांत_पाटील
बघा, एवढा मोठा माणूस पण शेऱ्याला घाबरला.

झिपऱ्या
काका कवी असतील त्याचे

अर्धपान
मंडळी, खूप खूप आभार, एवढा प्रतिसाद येईल असं वाटलं नव्हतं. दहा दिवस झाले, बाईंच्या पद्धतीने दोन नोंदी केल्या, प्रामाणिकपणे इथे टाकतो.

पहिली: "प्रवासवर्णन. सकाळी आठवलं ते फक्त लेखकाचे हरवलेले बूट. तीनशे पानांत एक देश आणि मला बूट." ही बायकोला आवडली.

दुसरी: "कथासंग्रह. काहीही आठवलं नाही. दुसऱ्या सकाळीही नाही." यापुढे 'बरं आहे' लिहायचा हात शिवशिवत होता, आवरला.

लाल_शाई
दुसरी नोंद उत्तम आहे. प्रामाणिक शेरा.

मंजिरी_ठाणे
आणि त्या "!!" चं काय झालं? मी रोज तेवढ्यासाठी धागा उघडतेय.

अर्धपान
घेतलंय परत. यावेळी दुकानातून नवीन आवृत्ती विकत आणली, २०१६ मध्ये वाचनालयाची जुनी प्रत होती. पान १४० पर्यंत आलोय, अजून उद्गारचिन्हासारखं काही नाही. बरं आहे. (सवय!)

अर्धपान
झालं वाचून. ऐका आता, खाली बसून ऐका.

मला शेवटचं दृश्य अंधुक आठवायला लागलं होतं. इन्स्पेक्टर वाड्यात शिरतो, जिन्याखालचं दार उघडतो, आत कंदील जळत असतो, आणि तिथेच वाक्य अर्धवट सोडून कादंबरी संपते. मी तेव्हा थक्क झालो होतो, म्हटलं काय धाडस आहे लेखकाचं, खुनी कोण ते सांगितलंच नाही, वाक्यसुद्धा पुरं केलं नाही, वाचकावर सोडलं सगळं. म्हणून "!!". तेव्हा मी हे ऑफिसात दोन जणांना मोठ्या तोंडाने सांगितलं पण होतं, मराठी रहस्यकथा किती पुढे गेलीय वगैरे.

नवीन प्रतीत त्या कंदिलानंतर बरोब्बर सोळा पानं आहेत. इन्स्पेक्टर आत जातो, वाक्य पूर्ण होतं, खुनी सापडतो, भाचा असतो, कबुलीजबाब देतो, पुतणीचं लग्न ठरतं.

तात्या_देवघेव
सोळा पानं म्हणजे एक फर्मा, एकत्र शिवलेली पानांची जुडी. शेवटचा फर्मा निखळला होता तुमच्या प्रतीतला. बाइंडिंग उसवलं की पहिला आणि शेवटचा फर्माच आधी जातो. पण त्या प्रतीवर कोणाची खूण नव्हती का? आमच्या पोस्टमास्तरांनी पान २७ वर टिंब देऊन शेवटच्या पानावर "पुढील पाने नाहीत" असं लिहिलं असतं.

केतकी_न्यूजर्सी
भाच्याला किती तारे?

निवांत_पाटील
मी वही परत सुरू करतोय. असलं काही घडणार असेल तर आकडा गेला खड्ड्यात.

मंजिरी_ठाणे
मग अर्धपान, आता त्या "!!" च्या खाली काय लिहिलंत? बाईंनी सांगितलंय, जुनं खोडायचं नाही.

अर्धपान
खोडलं नाही. खाली आजची तारीख टाकली, रात्र जाऊ दिली, सकाळी चहाबरोबर बराच वेळ विचार केला आणि लिहिलं, "पूर्ण वाचलं. छान."

बायको आतून ओरडली, एकशे तेरा.